उंची, वजन, वय टाकून बॉडी फॅट किती खरं निघतं?

प्रश्न थोडक्यात असा होता: पुरुष, वय ४०, उंची १७२ सेंमी, वजन ७४ किलो. एका कॅल्क्युलेटरने बॉडी फॅट २३% सांगितलं, दुसऱ्याने २१%, जिममधल्या मशीनने २७%. यातलं खरं कुठलं, १८% वर यायला वजन किती करावं लागेल, आणि ६८ वर्षांच्या आईसाठी (उंची १५० सेंमी, वजन ५२ किलो) तेच कॅल्क्युलेटर वापरलं तर ३८% आलं, तर घाबरायचं का?

मी लोकांची बॉडी कंपोझिशनची मापं घ्यायचं काम बरीच वर्षं करते आणि हा प्रश्न मला जवळजवळ रोज कोणी ना कोणी विचारतंच, त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

पहिल्यांदा हे बघा की २३ आला कुठून. तुम्ही वापरलेलं कॅल्क्युलेटर बहुतेक ड्युरेनबर्ग या संशोधकाचा १९९१ चा फॉर्म्युला वापरतंय, कारण नेटवर सगळ्यात जास्त तोच फिरतो. तो असा आहे: बीएमआय गुणिले १.२०, अधिक वय गुणिले ०.२३, वजा ५.४, आणि पुरुष असाल तर आणखी १०.८ वजा. तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) म्हणजे ७४ किलो भागिले १.७२ मीटरचा वर्ग, म्हणजे २५. आता १.२ गुणिले २५ झाले ३०, वयाचे ९.२, बेरीज ३९.२, त्यातून १६.२ गेले, राहिले २३. बस, एवढंच आहे. कागदावर दोन मिनिटांत होतं, यात कुणी तुमच्या शरीरात डोकावून बघितलेलं नाही.

दुसऱ्याने २१ दिले ते बहुधा गॅलाघर या संशोधकांच्या २००० सालच्या फॉर्म्युल्यातून. त्यात बीएमआय सरळ न गुणता त्याचा व्यस्त घेतात, म्हणजे १ भागिले बीएमआय, आणि तुमचे आकडे टाकले की २०.९ येतात. म्हणजे दोन्ही कॅल्क्युलेटर बरोबरच चाललेत, गणित कुणाचंच चुकलेलं नाही, दोघांनी वेगवेगळ्या माणसांवरून समीकरण बसवलंय एवढंच.

आणि हे "माणसांवरून बसवलंय" नीट समजून घ्या, कारण सगळी गोम तिथेच आहे. ड्युरेनबर्गच्या अभ्यासात १,२२९ लोक होते, वय ७ ते ८३, त्यांची चरबी पाण्याखाली वजन करून शरीराची घनता काढून मोजली होती (चरबीची घनता साधारण ०.९ आणि बाकी शरीराची १.१, या फरकावरून टक्केवारी काढतात). मग त्यातल्या मोठ्या माणसांची मोजलेली चरबी एका बाजूला आणि बीएमआय, वय, लिंग दुसऱ्या बाजूला ठेवून मधली रेषा काढली. म्हणजे तुम्हाला जो २३ मिळाला तो "४० वर्षांच्या, २५ बीएमआयच्या पुरुषांची सरासरी चरबी साधारण किती असते" याचं उत्तर आहे. तुमची स्वतःची किती आहे याचं नाही. तुम्ही त्या सरासरीच्या खाली असाल की वर, हे त्या तीन आकड्यांत कुठेच लिहिलेलं नाही, त्यामुळे ते कुठल्याही हुशार फॉर्म्युल्याला काढता येणार नाही.

चूक किती होऊ शकते तेही त्याच अभ्यासात दिलेलं आहे, फक्त कॅल्क्युलेटरवाले ते दाखवत नाहीत. स्टँडर्ड एरर, म्हणजे आकडा खऱ्यापासून साधारण किती इकडेतिकडे होतो ते, ४.१ टक्के. म्हणजे तुमच्यासारख्या तिघांपैकी साधारण दोघांची खरी चरबी १९ ते २७ च्या मध्ये कुठेतरी असेल, आणि जवळपास सगळ्यांना त्यात बसवायचं म्हटलं तर रेंज १५ ते ३१ इतकी रुंद करावी लागते. १५% वाला माणूस आणि ३१% वाला माणूस शेजारी उभे केले तर कुणीही सांगेल की ही दोन वेगळी शरीरं आहेत. आणि हे कॅल्क्युलेटर दशांशासकट २३.० दाखवतं, त्या दशांशाकडे तर बघूच नका.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेलं आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन या दोन संशोधकांनी स्वतःचाच फोटो आणि स्वतःचीच मापं दिली. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. डेक्सा स्कॅनमध्ये (क्ष-किरणांनी चरबी, स्नायू, हाडं वेगळी मोजतात तो) चरबी मात्र युडकिन यांची ९.१% आणि याज्ञिक यांची २१.२%. दुपटीहून जास्त! बीएमआयवर चालणारा फॉर्म्युला या दोघांना जवळजवळ सारखाच आकडा देणार, वयामुळे काय थोडा फरक पडेल तेवढाच. दक्षिण आशियाई शरीरात त्याच बीएमआयला चरबी जास्त आणि स्नायू कमी असायची प्रवृत्ती असते हे अनेक ठिकाणी दिसलंय, म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २००४ मध्ये आशियाई लोकांसाठी २५ (जास्त वजन) आणि ३० (लठ्ठपणा) या नेहमीच्या टप्प्यांच्या जोडीला २३ आणि २७.५ हे बीएमआयचे टप्पेही सुचवले. तेव्हा युरोपियन लोकांवर बसवलेला फॉर्म्युला अशा शरीराला लावला तर खरी चरबी आकड्यापेक्षा जास्त निघायची शक्यता धरून चालावं. उलट बाजूनेही तेच. समजा २५ वर्षांचा मुलगा आहे, उंची १७८, वजन ९२, वर्षानुवर्षं जड वजन उचलतोय, पोट सपाट. बीएमआय २९, फॉर्म्युला म्हणणार २४%. त्याचे अर्धे पण नसतील कदाचित.

आता जिमच्या मशीनचं २७. लोकांना वाटतं की मशीन म्हणजे मोजमाप आणि कॅल्क्युलेटर म्हणजे अंदाज, पण तसं नाहीये. मशीन पायातून किंवा हातातून अगदी बारीक करंट सोडतं आणि अडथळा किती येतो ते बघतं. स्नायूत पाणी भरपूर म्हणून करंट पटकन जातो, चरबीतून नीट जात नाही. त्या अडथळ्यावरून शरीरातलं पाणी, पाण्यावरून चरबी सोडून बाकीचं वजन (त्यात साधारण ७३% पाणी असतं असं धरून), आणि उरलं ते चरबी. म्हणजे मशीन चरबी मोजतच नाही, वजाबाकीत जे उरतं त्याला चरबी म्हणतं. आणि त्या समीकरणात परत तुमची उंची, वजन, वय, लिंग घातलेलंच असतं, म्हणून तर ते आधी विचारतं. एकदा करून बघा, प्रोफाइलमध्ये वय ४० च्या जागी २० टाका आणि लगेच परत उभे राहा. एका मिनिटात शरीर काही बदललेलं नाही पण बहुतेक मशीनवर आकडा खाली येईल. मी नवीन लोकांना हे मुद्दाम करून दाखवते, कारण एकदा डोळ्यांनी बघितलं की त्या आकड्याचं भूत डोक्यातून उतरतं. शिवाय व्यायाम करून घामाघूम होऊन उभे राहिलात तर एक, पोटभर पाणी पिऊन राहिलात तर दुसरा, सकाळचा वेगळा, रात्रीचा वेगळा. तुम्ही बहुतेक व्यायाम झाल्यावर उभे राहिला असाल, तेव्हाचं रीडिंग तर धरूच नका.

तर "खरं कुठलं" याचं प्रामाणिक उत्तर: तुमची चरबी बहुधा २० ते २५ टक्क्यांच्या आसपास कुठेतरी आहे, आणि उंची-वजन-वयावरून यापेक्षा बारीक कुणीही सांगू शकत नाही. डेक्सा करून घेतलात तर याहून बरंच जवळचं कळेल, पण त्यातही मशीन बदललं, कंपनी बदलली की एक-दोन टक्के इकडेतिकडे होतातच, म्हणजे तेही देववाणी नाही.

मग हे फॉर्म्युले टाकाऊ आहेत का? नाही, अजिबात नाही, हजारो लोकांच्या सर्व्हेत सरासरी काढायला, गटांची तुलना करायला ते उत्तम आहेत, कारण वरच्या-खालच्या चुका एकमेकींना खाऊन टाकतात. एकट्या माणसाला पहिल्या दिवशी ढोबळ कल्पना यायला पण ठीक. माझा आक्षेप आहे तो याने प्रगती मोजण्याला, आणि लोक नेमकं तेच करतात. दर आठवड्याला वजन टाकायचं, आकडा बघायचा, खूश व्हायचं नाहीतर हिरमुसायचं.

का करू नये ते तुमच्याच आकड्यांवर दाखवते. धरून चाला की २३% अगदी खरं आहे, म्हणजे ७४ किलोत १७ किलो चरबी आणि ५७ किलो बाकी सगळं. आता तीन महिन्यांनी तीन वेगवेगळ्या गोष्टी होऊ शकतात. एक, तुम्ही नीट खाल्लंत, व्यायाम केलात आणि ३ किलो निव्वळ चरबी गेली. वजन ७१, चरबी १४ किलो, म्हणजे १९.७%. दोन, उपाशी राहून, व्यायाम न करता ३ किलो घालवलेत आणि ते सगळे स्नायू आणि पाणी होतं (टोकाचं उदाहरण आहे, पण समजायला बरं). वजन तेच ७१, चरबी १७ किलोच राहिली, म्हणजे २३.९%, टक्केवारी वाढली! आता फॉर्म्युल्यात ७१ टाका. दोन्ही वेळा तो २१.८% म्हणेल. ज्याने छान काम केलं त्याला कमी शाबासकी आणि ज्याने स्वतःचे स्नायू जाळले त्यालाही शाबासकी. आणि तिसरी गोष्ट तर सगळ्यात वाईट, म्हणजे ३ किलो चरबी गेली आणि ३ किलो स्नायू आले. वजन ७४ च्या ७४. खरी चरबी १८.९%, आणि फॉर्म्युला म्हणतो २३%, काहीच झालं नाही, घरी बसा. असे लोक माझ्याकडे येतात, पँट कमरेत सैल झालेली असते, जिना चढताना धाप लागत नाही, आणि तोंड पाडून सांगतात की मॅडम फॅट हलतच नाहीये. फार वाईट वाटतं, कारण त्यातले कितीतरी जण नेमकं तेव्हाच सोडून देतात जेव्हा सगळं छान चाललेलं असतं.

म्हणून एक गोष्ट यात घाला, टेप. कमरेचा घेर हा एकच आकडा असा आहे जो घरी फुकट मिळतो आणि ज्यात चरबीबद्दलची नवीन माहिती खरंच असते. २०१८ मध्ये एक अगदी सोपा फॉर्म्युला आला, त्यात वजनच नाही: पुरुषांसाठी ६४ वजा (२० गुणिले उंची भागिले कंबर), बायकांसाठी ६४ च्या जागी ७६. उंची आणि कंबर एकाच एककात घ्यायची. तुमची कंबर तुम्ही दिलेली नाही म्हणून तीन शक्यता काढून देते. ८२ सेंमी असेल तर २२%, ८८ असेल तर २५%, ९६ असेल तर २८%. तीनही माणसं १७२ सेंमी आणि ७४ किलोचीच आहेत आणि ड्युरेनबर्ग तिघांनाही २३ देतो. यातली मजा अशी की कंबर उंचीच्या बरोबर निम्मी असेल तर पुरुषाचे २४ आणि बाईचे ३६ येतात, उंची कितीही असो. तोंडी लक्षात राहतं.

अमेरिकन नेव्हीची मान-कंबर पद्धत पण बऱ्याच जणांना माहीत असते (बायकांसाठी त्यात नितंबाचा घेरही लागतो). ८८ कंबर आणि ३८ मान धरली तर तुमचे १९.७% येतात. म्हणजे त्याच माणसाचे नेव्हीने २०, गॅलाघरने २१, ड्युरेनबर्गने २३ आणि कंबर-उंचीने २५. आता बघा, यात जो आकडा आवडेल तो धरायचा आणि पुढच्या वेळी दुसऱ्या पद्धतीचा, असं केलंत तर घरबसल्या पाच टक्के कमी करून दाखवता येतील! एकच पद्धत धरा, आणि आकड्यापेक्षा तो कुठल्या दिशेला चाललाय ते बघा.

टेप लावायची पण रीत आहे, नाहीतर ३ सेंमीचा फरक हातानेच पडतो. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ बोटांनी चाचपून शोधा, दोन्हीच्या मधोमध पेनाने खूण करा, टेप जमिनीला समांतर, कपड्यावरून नाही, त्वचेवर, टेकलेली पण रुतलेली नाही. श्वास नेहमीसारखा सोडा आणि त्या क्षणी वाचा. पोट आत ओढू नका, लोक नकळत ओढतात, म्हणून मी त्यांना बोलतं ठेवते आणि वाचते. दोनदा घ्या, १ सेंमीपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. बेंबीवर घेतलंत तरी हरकत नाही (नेव्हीच्या पद्धतीत पुरुषांची बेंबीवरच घेतात) पण मग कायम बेंबीवरच. मागच्या बाजूला टेप खाली घसरते, ती आरशात बघा किंवा घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा.

वजन सकाळी उठून, संडासला जाऊन आल्यावर, काही खायच्या-प्यायच्या आधी. रोज करा नाहीतर आठवड्यातून तीनदा, पण तुलना करायची ती आठवड्याच्या सरासरीची. दोन दिवसांत दीड-दोन किलो वर-खाली होतं ते पाणी, मीठ, आतड्यातलं अन्न. १ किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात, तुम्ही दोन दिवसांत २ किलो चरबी कमवूही शकत नाही आणि घालवूही शकत नाही. डाएटच्या पहिल्या आठवड्यात जे झपकन उतरतं ते पण बरंचसं ग्लायकोजेन (शरीरात साठवलेली साखर) आणि त्याने धरून ठेवलेलं पाणी, एका ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर ३ ग्रॅमच्या आसपास पाणी असतं, ते गेलं.

आता तुमचं १८%. नेहमीचं गणित असं करतात: बाकी वजन ५७ किलो, ते ८२% व्हायला हवं, ५७ भागिले ०.८२ म्हणजे ६९.५ किलो. पण यात दोन भोकं आहेत. एक तर वजन उतरताना सगळी चरबीच जात नाही, चौथा हिस्सा स्नायू-पाणी गेलं असं धरलं तर १८% यायला ६७.५ किलोपर्यंत जावं लागतं. आणि दुसरं, सुरुवातच पक्की नाहीये. तुमची खरी चरबी आत्ता २०% असेल तर लक्ष्य ७२ किलो, आणि मशीन म्हणतं तशी २७% असेल तर ६६ किलो. ६६ ते ७२! इतक्या ढगळ लक्ष्याच्या मागे लागून स्वतःला उपाशी मारण्यात अर्थ नाही. तुमच्या जागी मी असते तर टक्केवारीचं लक्ष्य सोडून कंबरेचं धरलं असतं. १७२ उंचीला निम्मी म्हणजे ८६ सेंमी. जास्त असेल तर तिथपर्यंत या, आधीच कमी असेल तर तुम्हाला वजन उतरवायची घाई नाही, ताकद वाढवा. दक्षिण आशियाई पुरुषांसाठी ९० आणि बायकांसाठी ८० सेंमी ही धोक्याची रेषा मानतात, त्याच्या वर असाल तर साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या, टक्केवारी काहीही असो. कारण चरबी किती यापेक्षा ती कुठे आहे यावर जास्त अवलंबून असतं. मांड्यांवरची चरबी आणि यकृत-आतड्यांभोवतीची चरबी टक्केवारीत सारखीच मोजली जाते, शरीराला सारखी नसते.

आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचला, प्रोटीन नीट घ्या, आणि दर आठवड्याला वजनाच्या अर्धा टक्का, फार तर एक टक्का या वेगाने उतरा. तुमच्यासाठी म्हणजे साधारण ४०० ते ७०० ग्रॅम. यापेक्षा घाई केली की तो चौथा हिस्सा तिसरा व्हायला लागतो.

राहिला आईंचा प्रश्न, आणि मला खरं तर तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. उंची १५०, वजन ५२ लिहिलंय, म्हणजे बीएमआय २३.१. ड्युरेनबर्गच्या फॉर्म्युल्यात ६८ वर्षं या एकट्या वयाचेच १५.६ टक्के धरले जातात, म्हणून ३८ आले. गॅलाघरमध्ये त्यांचे ३३ येतात. आता सांगा, घाबरायचं कुठल्या आकड्याला? वयाचा आकडा फॉर्म्युल्यात आला कारण वय वाढतं तसे स्नायू कमी होतात आणि त्याच वजनात चरबीचा वाटा वाढतो, पण तुमच्या आईंचे किती कमी झालेत ते फॉर्म्युल्याला ठाऊक नाही. शिवाय या वयात उंची दोन-चार सेंमी कमी झालेली असते, म्हणजे बीएमआय थोडा फुगतो. बायकांची चरबी मुळातच पुरुषांपेक्षा दहा-बारा टक्क्यांनी जास्त असते, तुमच्या २३ शेजारी त्यांचे ३८ ठेवून तुलना करू नका.

त्यांना कृपा करून वजन कमी करायला लावू नका. ५२ किलोची ६८ वर्षांची बाई डाएटवर घातली तर जे जाईल त्यात स्नायू असतीलच, आणि या वयात गेलेले स्नायू परत आणायला फार कष्ट पडतात. त्याऐवजी एक करा, भिंतीला टेकवलेली, हात नसलेली साधी खुर्ची घ्या, आईंना हात छातीवर घडी करून पाच वेळा पूर्ण उठून बसायला सांगा आणि घड्याळ लावा, तुम्ही शेजारी उभे राहा. १५ सेकंदांपेक्षा जास्त लागले, किंवा हात टेकल्याशिवाय उठताच येत नसेल, तर पायांची ताकद कमी आहे आणि लक्ष तिकडे द्यायला हवं, डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवा. गुडघे दुखत असतील तर ही टेस्ट बळजबरी करू नका. आणि न प्रयत्न करता त्यांचं वजन गेल्या सहा महिन्यांत अडीच-तीन किलोने उतरलेलं असेल तर चरबीचा आकडा बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा.

घरात कुणी लहान मुलं असतील, कुणी गरोदर असेल, किंवा पायांना-पोटात पाणी साठायचा आजार असेल तर यातलं कुठलंच कॅल्क्युलेटर लावू नका. मुलांसाठी ड्युरेनबर्गचंच वेगळं समीकरण आहे, १५ वर्षांपर्यंतचं, त्यात वयाचा गुणक वजा आहे, मोठ्यांचा लावला तर उत्तर भलतंच येतं.

तुमची कंबर आणि आईंच्या खुर्चीचे सेकंद, हे दोन आकडे आजच घ्या आणि तारीख टाकून लिहून ठेवा. पुढचं माप चार आठवड्यांनी, मधे नाही.